विटेविना विटांची भिंत

बुलढाणा जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबांची घरे गेल्या काही वर्षांत आतून बरीच बदलली आहेत. खामगाव असो वा मलकापूर, चिखली असो वा देऊळगाव राजा, नव्या घराचा दिवाणखाना सजविताना एखादी भिंत उघड्या लाल विटांसारखी करावी, अशी इच्छा तरुण पिढी हमखास व्यक्त करते. घरातील ज्येष्ठांना मात्र प्रश्न पडतो. ज्या विटा झाकण्यासाठी गवंड्याला गिलाव्याचे पैसे मोजले, त्याच विटा आता त्या गिलाव्यावर चितारून दाखवायच्या, हा कोणता व्यवहार? प्रश्न विनोदी वाटला तरी पोकळ नाही. त्यात खर्चाचा विचार आहे, टिकाऊपणाचा विचार आहे आणि खऱ्या-खोट्याचाही विचार आहे. वॉलपेपर आणि रंग यांच्या साह्याने विटांची भिंत कशी उभी राहते, तिला किती साहित्य लागते आणि तिचा हव्यास कोठे आवरावा, हे समजून घेतल्यास दोन्ही पिढ्यांचे समाधान होऊ शकते.

अनुकरणाची जुनी वाट

एका पदार्थाला दुसऱ्या पदार्थाचे रूप देण्याची कला या भूमीला नवी नाही. जिल्ह्याच्या पश्चिमेस असलेल्या अजिंठ्याच्या १९ व्या आणि २६ व्या लेण्यांतील चैत्यगृहांचे छत पाहावे. तेथे अखंड दगडात फासळ्या कोरलेल्या आहेत. दगडाला त्या फासळ्यांचा काहीच उपयोग नाही. लाकडी छताचे रूप शिल्पकाराने दगडात उतरविले, एवढेच. वेरूळच्या १० व्या लेण्याचे छत तर इतके लाकडासारखे दिसते की लोकांनी त्याला ‘सुतार की झोपडी’ असे नाव दिले. त्याच वेरूळच्या जैन लेणीसमूहातील ३० वे लेणे ‘छोटा कैलास’ म्हणून ओळखले जाते, कारण १६ व्या कैलास लेण्याचेच रूप तेथे लहान प्रमाणावर साकारले आहे. या अनुकरणाला कोणी फसवणूक म्हटले नाही.

युरोपातही हेच घडले. अठराव्या शतकात आग्नेय इंग्लंडमध्ये लाकडी घरांच्या दर्शनी भागावर अशी कौले बसवीत की लांबून विटांची भिंत वाटावी. भिंतीच्या कागदाची कथा व्यापारी वाचकाला अधिक रंजक वाटेल. इंग्लंडमध्ये १७१२ साली छापील व रंगीत कागदावर कर बसला. तेव्हा काही लोकांनी साधा कागद भिंतीवर चिकटवून त्यावर हातानेच नक्षी उठवून घेण्याची युक्ती काढली. तो कर १८३६ मध्ये उठला. पुढे १८७७ मध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी ‘लिंक्रस्टा’ आणि १८८७ मध्ये थॉमस पामर यांनी ‘अ‍ॅनाग्लिप्टा’ हे उठावदार कागद बाजारात आणले. नक्षी उंचवट्याची आणि रंग ज्याने त्याने आपल्या आवडीचा द्यावा, ही त्यामागील कल्पना होती. आज विटांच्या उठावाचा कागद लावून वरून रंग देण्याची जी रीत रूढ होत आहे, ती याच कल्पनेची वंशज आहे.

लाल रंग येतो कोठून

खरी वीट लाल का असते, हे ठाऊक असेल तर खोटी वीट चांगली रंगते. मातीत लोह असते. भट्टीच्या उष्णतेत आणि मोकळ्या हवेत त्याचे लोह-ऑक्साइड होते व वीट तांबडी होते. ज्या मातीत चुन्याचे प्रमाण अधिक, तिची वीट पिवळसर निघते. भट्टीत ज्या विटेला ताव अधिक लागतो ती काळपट जांभळी होते आणि कडेच्या, कमी भाजलेल्या विटेला फिका नारिंगी रंग राहतो. म्हणून खऱ्या भिंतीत शेजारच्या दोन विटाही एका रंगाच्या नसतात.

वऱ्हाडातील जुन्या घरांच्या भिंतींना खालच्या बाजूस गेरूचा पट्टा ओढीत असत. तो गेरूही लोह-ऑक्साइडच. म्हणजे गेरूच्या जातीच्या तांबड्या रंगाने जेव्हा कागदावरील वीट रंगविली जाते, तेव्हा निदान रंगाच्या बाबतीत ती खऱ्या विटेची सख्खी बहीण असते.

अलीकडील बांधकामांत तर खरी वीटही पुष्कळदा लाल नसते. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा केंद्रांतील राखेपासून बनणाऱ्या विटा करड्या असतात. तशा विटांच्या घराचा गिलावा खरवडून ‘मूळ विटा’ उघड्या करण्याचा विचार कोणी केलाच, तर आतून तांबूस काही निघणार नाही.

उरला पर्याय लाल विटांची नवी भिंत आतून बांधण्याचा. त्याचा हिशेब सोपा आहे. प्रमाणित विटेचा आकार १९० × ९० × ९० मिलिमीटर. मसाल्याच्या जाडीसह तिचा दर्शनी भाग २०० × १०० मिलिमीटर होतो. एका चौरस मीटरला ५० विटा लागतात. १२ फूट रुंद व १० फूट उंच भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे ११.१५ चौरस मीटर, म्हणजे विटा साडेपाचशेहून अधिक. एका विटेचे वजन सुमारे ३ किलो धरले तर दीड टनाहून अधिक भार, त्यात मसाल्याची भर वेगळी. वरच्या मजल्याच्या स्लॅबवर असा भार अभियंत्याला विचारल्यावाचून टाकणे धोक्याचे आहे. शिवाय खोलीची जवळजवळ चार इंच जागा जाते ती वेगळीच. कागदाचे वजन मात्र काही किलोंपलीकडे जात नाही.

आधी भिंतीची परीक्षा

कागद आणणे हे शेवटचे काम होय. पहिले काम भिंत तपासण्याचे. बुलढाणा जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया पुरेसा खोल व योग्य पद्धतीचा नसेल, तर घर दर ऋतूत किंचित हालते आणि खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी. उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही ऋतू गेल्यावर खूण ओलांडून भेग पुढे सरकली असेल, तर ती जिवंत भेग समजावी. तिच्यावर कागद लावला तर तोही फाटतो आणि रोगाचे लक्षण मात्र नजरेआड होते. स्थिर राहिलेली बारीक भेग पुट्टीने बुजविता येते.

दुसरी परीक्षा ओलीची. दोन फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवावा आणि दोन दिवसांनी काढून पाहावा. आतल्या बाजूस बाष्पाचे थेंब दिसले किंवा भिंत काळसर झाली, तर ओल भिंतीतून येत आहे. गच्चीचा पाझर, न्हाणीघराची जोडभिंत, गळकी नळवाहिनी किंवा जमिनीतून चढणारा ओलावा यांपैकी कारण शोधून ते आधी दूर करावे. लोणा लागलेल्या भिंतीवर कोणताही कागद टिकत नाही. क्षार बाहेर येताना कागदाला पुढे ढकलतात. अशा भिंतीवर कागद चढविला तर आत बुरशी वाढते आणि तिच्यापासून घरातील लहान मुलांना व दम्याच्या रुग्णांना त्रास होतो.

तिसरी गोष्ट स्थानिक हवामानाची. पयानघाटातील मलकापूर-खामगावकडे उन्हाळा कडक आणि घरोघरी कूलर. कूलरची ओली हवा ज्या भिंतीवर थेट आदळते, ती भिंत या कामासाठी निवडू नये. दोन उन्हाळ्यांतच सांधे सुटू लागतात. पावसाळ्यात हवा दमट असल्याने खळ वेळेवर वाळत नाही, तर मे महिन्यात ती नको इतक्या लवकर वाळून कडा वळतात. पावसाळा सरल्यानंतर भिंती सुकल्या की थंडी संपेपर्यंतचा काळ या कामाला उत्तम. दिवाळीपूर्वी काम उरकायचे असल्यास भिंतीची परीक्षा तरी पाऊस थांबताच करून घ्यावी. नव्या गिलाव्याला पूर्ण वाळायला पुरेसे महिने द्यावेत.

मापे आणि मागणी

बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या कागदाचा गुंडा २१ इंच रुंद आणि सुमारे ३३ फूट लांब असतो, म्हणजे सुमारे ५७ चौरस फूट. पुष्कळ जण क्षेत्रफळाला ५७ ने भागून मोकळे होतात. येथेच हिशेब चुकतो, कारण कागद चौरस फुटांनी नव्हे, तर उभ्या पट्ट्यांनी लागतो.

भिंत १२ फूट रुंद, म्हणजे १४४ इंच. २१ ने भागले असता ६.८६, म्हणून पट्ट्या ७. उंची १० फूट असल्यास वर-खाली मिळून ४ इंच कापणीसाठी धरावेत. एका गुंड्यातून १० फूट ४ इंचांच्या तीन पट्ट्या निघतात आणि विटांचे थर जुळविण्यास दोन फूट हाताशी राहतात. सात पट्ट्यांना तीन गुंडे पुरतात. आता भिंत तेवढीच रुंद, पण ११ फूट उंच समजावी. क्षेत्रफळ १३२ चौरस फूट. भागाकाराने तीनच गुंडे येतात. परंतु पट्टी ११ फूट ४ इंचांची झाल्याने एका गुंड्यातून दोनच निघतात आणि सात पट्ट्यांना चार गुंडे लागतात. उंचीतील एका फुटाने एक गुंडा वाढतो. मागाहून आणलेल्या गुंड्याची छटा वेगळी निघण्याचा संभव असतो. म्हणून सर्व गुंड्यांवरील बॅच क्रमांक एकच आहे, हे दुकानातच पाहून घ्यावे.

रंगाचा हिशेब त्या मानाने लहान आहे. या आकाराच्या भिंतीला दरजांच्या रंगासाठी सुमारे एक लिटर, मुख्य तांबड्या रंगासाठी तेवढाच किंवा कमी, आणि अन्य दोन छटांसाठी प्रत्येकी अगदी लहान डबा पुरतो. कागद, खळ, पुट्टी, प्रायमर, रंग आणि कारागिराची मजुरी यांचे दर वेगवेगळे लेखी घ्यावेत. ‘सगळे मिळून इतके’ असा आकडा स्वीकारू नये. हा खर्च शोभेचा आहे, याचेही भान असावे. घराचे मूल्यांकन होते तेव्हा जागा, बांधकाम आणि त्याची स्थिती यांचा विचार होतो. भिंतीवरील कागदाने घराची किंमत वाढत नाही. म्हणून यासाठी कर्ज काढणे शहाणपणाचे नव्हे.

साहित्यातील अदृश्य हिंसा

जैन कुटुंबाने या कामात एक चौकशी अवश्य करावी. रंगाचे अनेक ब्रश डुकराच्या केसांचे असतात. त्याऐवजी नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या तंतूंचे ब्रश सहज मिळतात आणि पाण्याच्या रंगांसाठी ते अधिक सोयीचेही ठरतात. जुन्या पद्धतीच्या कोरड्या डिस्टेंपरमध्ये प्राण्यांपासून काढलेला सरस मिसळला जात असे. आजचे अ‍ॅक्रिलिक इमल्शन कृत्रिम राळेचे असते. वरून द्यावयाच्या पारदर्शक थरासाठी लाखेचे पॉलिश वापरू नये, कारण लाख ही किटकांपासून मिळते. अ‍ॅक्रिलिकचा बिनचमकीचा थर तेच काम करतो.

खळीविषयीही विवेक हवा. गव्हाच्या किंवा मक्याच्या पिठाची खळ स्वस्त असली तरी कसर, झुरळे आणि बुरशी तिच्याकडे ओढली जातात. जीवोत्पत्तीला निमंत्रण देऊन मग औषध फवारण्यापेक्षा वनस्पतिजन्य सेल्युलोजची, म्हणजे मिथाइल सेल्युलोजची खळ वापरावी. सेल्युलोज लाकडाच्या लगद्यापासून आणि सरकीवरील आखूड तंतूंपासूनही मिळते. कापसाच्या बाजारपेठेमुळे १८७० मध्येच रेल्वेच्या फाट्याने जोडल्या गेलेल्या खामगावच्या परिसरात ही माहिती कोणालाही परकी वाटणार नाही.

रंगाच्या डब्यावरील शिशाविषयीचा मजकूरही वाचावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. फोमच्या चिकटत्या विटांचे तक्ते बाजारात मिळतात व ते लावण्यास सोपे असतात. परंतु ते पॉलिथिन फोमचे असल्याने पेट घेतात आणि वितळतात. देवघरातील दिवा, स्वयंपाकाची शेगडी आणि दुकानातील वीजफलक यांच्याजवळ ते कदापि लावू नयेत.

काम कसे करावे

जुना भुकटीचा रंग खरवडून भिंत पॉलिश पेपरने घासावी, खड्डे पुट्टीने भरावेत आणि प्रायमर द्यावा. प्रायमर वाळल्यावर भिंतीवर ओळंबा सोडून उभी रेघ मारावी. घराचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात. कोपऱ्याला धरून पहिली पट्टी लावली तर सातव्या पट्टीपर्यंत विटांचे थर उतरंडीला लागतात. आडवा थर पाणसळीने तपासावा. माणसाची नजर उभ्या रेषेतील दोष एक वेळ सोडून देते, परंतु विटांचा कललेला थर तिला लगेच खटकतो.

वीजपुरवठा बंद करून बटणांच्या पाट्या उतरवाव्यात. पट्टीच्या मागे खळ लावून ती काही मिनिटे दुमडून ठेवावी, म्हणजे कागद सारखा फुगतो आणि भिंतीवर गेल्यावर ताणत नाही. पट्टी वरून खाली आणि मधून कडांकडे दाबत न्यावी. दुसरी पट्टी लावताना थरास थर आणि अर्ध्या विटेस अर्धी वीट जुळली पाहिजे. खऱ्या बांधकामात वरच्या थरातील उभा सांधा खालच्या विटेच्या मध्यावर येतो. भिंतीचे बळ त्यातच असते. कागदाला बळाची गरज नाही, पण हा नियम मोडला की पाहणाऱ्याला काहीतरी चुकल्याचे जाणवते. सांडलेली खळ ओल्या फडक्याने लगेच पुसावी आणि एक-दोन दिवस पंखा न लावता भिंत वाळू द्यावी.

रंगाचे काम उलट्या क्रमाने करावयाचे असते. आधी विटा नव्हे, तर दरजा. जुन्या चुन्या-सिमेंटसारखा धुरकट करडा रंग संपूर्ण कागदाला ब्रशने द्यावा. शुभ्र पांढरा टाळावा. तो पूर्ण वाळल्यावर आखूड केसांचा रोलर तांबड्या रंगात बुडवून जवळजवळ कोरडा होईपर्यंत निथळावा आणि हलक्या हाताने फिरवावा. उंचवट्यांना रंग लागतो, खोलगट दरजा करड्याच राहतात. रोलर जड झाला की दरजा भरतात आणि सारी मेहनत वाया जाते, म्हणून आधी उरलेल्या कागदाच्या तुकड्यावर हात बसवून घ्यावा.

शेवटी स्पंजने निवडक विटांवर दोन छटा द्याव्यात, एक काळपट तपकिरी आणि एक फिकट नारिंगी. दहा विटांत सात मुख्य रंगाच्या, दोन गडद आणि एक फिकी, असे प्रमाण ठेवावे. मात्र त्यांची मांडणी विखुरलेली असावी. रांगोळीचे ठिपके मोजावेत तशा नियमाने गडद विटा आल्या, तर भिंत छापील दिसते. चमकदार थर देऊ नये. खरी वीट चमकत नाही.

खोलीचाही विचार हवा. तांबडा रंग उजेड शोषतो. त्यामुळे लहान खोलीत एकच भिंत आणि तीही खिडकीसमोरची निवडावी. खोली अंधारी असेल तर चुना फासल्यासारख्या पांढरट विटा कराव्यात. दुकानात गादीमागील किंवा मांडणीमागील भिंत योग्य. खामगावच्या चांदीच्या पेढ्यांसारख्या ठिकाणी शुभ्र भांड्यांमागे तांबूस, बिनचमकीची पार्श्वभूमी विशेष खुलून दिसेल.

मुलामा आणि प्रतिरूपक व्यवहार

ज्येष्ठांच्या मूळ शंकेचे उत्तर चांदीच्या पेढीतच मिळते. चांदीचा मुलामा दिलेले भांडे मुलाम्याचे म्हणून विकले तर तो सचोटीचा व्यापार. तेच शुद्ध चांदीचे म्हणून विकले तर फसवणूक. वस्तू दोन्ही वेळी एकच आहे. जैन आचारशास्त्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत आणि त्यांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा एक आहे. अस्सल मालात नकली मिसळून किंवा नकलीच अस्सल म्हणून देऊन व्यवहार करणे, असा त्याचा आशय. दोष प्रतिरूपात नसून, प्रतिरूपाच्या आधारे केलेल्या व्यवहारात आहे.

दिवाणखान्यातील कागदी विटा कोणालाच काही विकत नाहीत. पाहुण्याने हात लावून हसत विचारले, तर घरचे हसत खरे सांगतात. तेथे शोभा आहे, कपट नाही. परंतु घर विकावयाचे किंवा भाड्याने द्यावयाचे म्हणून ओलीचा डाग आणि वाढती भेग याच कागदाखाली झाकली, तर तोच कागद प्रतिरूपक व्यवहाराचे साधन होतो. तेव्हा विटा खोट्या आहेत हा प्रश्नच गौण ठरतो. घर निरोगी आहे हे न बोलता केलेले विधान खोटे असते. घर घेणाऱ्यानेही नव्या कागदाने मढविलेली एकुलती एक भिंत दिसली, तर मागील बाजू, गच्ची आणि कोपरे पाहून घ्यावेत आणि कागदामागे काय आहे, हे स्पष्ट विचारावे. प्रामाणिक विक्रेत्याला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

म्हणून हौस जरूर करावी, पण क्रम पाळावा. प्रथम पाझर थांबवावा, मग भेग तपासावी, मग पट्ट्या मोजाव्यात आणि त्यानंतरच दुकानाची पायरी चढावी. कागद लावण्यापूर्वी भिंतीची छायाचित्रे काढून, दुरुस्तीच्या पावत्यांसह घराच्या कागदपत्रांत ठेवली, तर पुढेमागे घर मुलांच्या हाती जावो वा परक्याच्या, विटांमागची भिंत कशी होती याचा पुरावा त्यांच्या हाती राहील.